प्लॅटफॉर्मखालच्या कांबळेबाई

कांबळेबाई वर्गात दोन उंचीवरून शिकवतात. फळ्यासमोर लाकडी प्लॅटफॉर्म असतो, त्याच्यावर उभ्या असल्या की त्या पुस्तकातलं सांगतात. स्वतःचं काही सांगायचं झालं की खडू खाली ठेवतात, पदर खोचतात आणि प्लॅटफॉर्मवरून उतरून पहिल्या बाकाला टेकून उभ्या राहतात.

"वर हुतं ते पुस्तकाचं," त्या पोरांना बजावतात. "परीक्षेत त्येच लिवायचं. आता हे माझं. हे लिवायचं न्हाय, ऐकायचं. पटलं तर घ्या, न्हाय पटलं तर भांडा."

उंचीबरोबर भाषाही बदलते. वर 'आहे' असतं, खाली 'हाय' येतं. वर त्या 'मी सांगते' म्हणतात आणि खाली उतरल्या की आमच्या कोल्हापूरच्या सगळ्या बायकांसारखं 'मी सांगतो' म्हणतात. बाई नागरिकशास्त्र शिकवतात. या विषयाला आमच्या शाळेत कुणी फारसं विचारत नाही, पण आठवी 'अ'ची पोरं त्या तासाला मधल्या सुट्टीतून पळत येतात. मला हे माहीत असण्याचं कारण म्हणजे 'अ' आणि 'ब' या दोन तुकड्यांमध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे, आणि पलीकडच्या 'ब'मध्ये मी असतो.

मी माने. भूगोल शिकवतो. भूगोल मी विचार करून निवडला, कारण त्यात स्वतःचं मत लागत नाही. सह्याद्री पश्चिमेला आहे असं म्हटल्यावर कुणी मोर्चा काढत नाही. नोकरीला लागल्यापासून माझं एकच वाक्य ठरलेलं आहे, "दोन्ही बाजूंनी विचार करायला पाहिजे." हे वाक्य बोलून मी कित्येक सभांमधून सुखरूप घरी आलो आहे. माझी बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांना आमटीत मीठ कमी पडलंय का विचारलं तरी ते दोन्ही बाजूंनी विचार करतात." पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण न हसणं हेसुद्धा एक मत झालं असतं.

तर या पार्टिशनमुळं माझ्या भूगोलाची फार आबाळ झाली. मी इकडं मान्सूनचे वारे कुठून येतात ते सांगत असायचो आणि पलीकडून बाईंचं पायताण प्लॅटफॉर्मवरून खाली उतरल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की माझ्या वर्गातली पोरं पार्टिशनकडं कान करायची. खरं सांगायचं तर मीही फळ्यावर काहीतरी लिहिण्याच्या निमित्तानं तिकडंच सरकायचो.

बाईंची मतं काही फार स्फोटक नसायची. पांढरा रस्सा तांबड्यापेक्षा चांगला, हे त्यांचं एक मत. ते त्यांनी कोल्हापुरात, भर आठवीच्या वर्गात सांगितलं. त्यावर पोरांनी तासभर भांडण केलं आणि एक पोरगा तर रडकुंडीला आला. गळ्यात टाय बांधल्यानं इंग्रजी सुधारत नाही, हे दुसरं मत. त्या दिवशी मी घाईनं माझ्या वर्गाचं दार लावून घेतलं, कारण टाय हेडसरांनी सुरू केला होता. आपलं सांगून झालं की बाई कुणातरी एकाकडं बोट करायच्या आणि विचारायच्या, "तुझं काय?" मग गप्प उभ्या राहायच्या. पोरगं कितीही वेळ खाली मान घालून बसलं तरी या हलायच्या नाहीत, दुसऱ्याला विचारायच्या नाहीत. शेवटी ते काहीतरी बोलायचंच. त्यांच्या विरोधात बोललं तर पर्समधून लिमलेटची गोळी मिळायची. मध्यंतरी पोरं गोळीसाठी प्रत्येक गोष्टीला विरोध करायला लागली, तेव्हा बाईंनी काही दिवस गोळ्या बंद ठेवल्या.

पालकसभेत एकदा एका आईनं तक्रार केली. "बाई, आमचं पोरगं घरात काय बोलायचं झालं की आधी कॉटवर चढतंय. 'मम्मीचं म्हणणं, अभ्यास कर,' असं वरनं सांगतंय. मग खाली उडी मारतंय आणि म्हणतंय, 'आता माझं. मी खेळायला चाललो.' कॉटची फळी मोडली की ओ!" सगळी सभा हसली. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "पर तुमचं म्हणणं आधी नीट सांगतंय न्हवं?" आईला ते मान्य करावं लागलं.

स्टाफरूममध्ये बाईंचा हा प्रयोग माझ्यावर चालायचा. सहलीला पन्हाळ्याला जायचं की राधानगरीला, असा प्रश्न निघाला होता. मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी विचार करायला पाहिजे. बाई चहाचा कप हातात धरून माझ्याकडं वळल्या. "ते झालं की. तुमचं काय, माने सर?" आणि थांबल्या. चहावर साय धरली तरी थांबल्या होत्या. सगळी स्टाफरूम माझ्याकडं बघत होती.  शेवटी मी "पन्हाळा" असं इतक्या हळू म्हणालो की शेजारच्या चित्रकलेच्या सरांनी ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. राधानगरीवाले आता माझ्याशी कसे वागतील याची पुढं आठवडाभर मला काळजी होती. ते कसेच वागले नाहीत, कारण त्यांनी माझ्या मताची दखलच घेतली नव्हती.

बाईंची आणखी एक सवय आम्हाला खटकायची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आम्ही डबे उघडायचो आणि बाई स्कूटीला किक मारून गायब व्हायच्या. डबा कधी आमच्यात बसून खाल्ला नाही. पुढच्या तासाच्या घंटेला धापा टाकत परत. यावर माझा एक सिद्धांत होता. बाईंना आमच्या गप्पा हलक्या वाटतात, म्हणून त्या कुठंतरी बागेत बसून एकट्या वाचत असणार. हा सिद्धांत मी बाई नसताना, खालच्या आवाजात, दोन्ही बाजूंनी विचार करून मांडला होता आणि सगळ्यांना पटला होता.

आता मूळ गोष्ट. आमची शाळा राजारामपुरीत आहे. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला खासगी क्लास, मधे आम्ही. फाटकावर शाळेच्या नावाची पाटी आहे. गेल्या वर्षी त्या पाटीवर आमच्या भागातल्या दादांच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड लागला. दादा म्हणजे आमचे स्थानिक नेते आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कमिटीवरचे सदस्य. बोर्डावर दादा चालताना, दादा मोबाईलवर बोलताना, दादा आकाशाकडं बघताना, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटोएवढे चेहरे. या सगळ्याखाली शाळेचं नाव गेलं. प्रवेशासाठी आलेले एक पालक फाटकासमोर उभं राहून मलाच म्हणाले, "पावणं, हितं शाळा हुती न्हवं?" मी त्यांना आत आणलं आणि बोर्डाबद्दल काही बोललो नाही. मी शाळेत फक्त नोकरीला आहे.

नेमका त्याच आठवड्यात बाईंचा 'स्थानिक शासन' हा पाठ होता. प्लॅटफॉर्मवरून त्यांनी नगरसेवकाची कामं सांगितली. मग पायताणाचा आवाज झाला.

"आता माझं. वाढदिवस हे काय कर्तृत्व न्हाय. तो सगळ्यांचा येतो. दरवर्षी येतो. काय न करता येतो. खरं कष्ट त्या दिवशी कुणी काढलं?"

"आईनं!" वर्ग ओरडला. माझा वर्गही ओरडला.

"मग बोर्डावर फोटो कुणाचा पायजे?"

"आईचा!"

"आणि शाळेच्या पाटीवर कुणाचं नाव पायजे?"

इथं मी माझ्या वर्गाला नकाशाच्या वह्या उघडायला लावल्या.

पहिल्या बाकावर सानिका पोवार नावाची मुलगी बसते. तिच्या वडलांचं डिजिटल बोर्ड छापायचंच दुकान आहे. पोरगी सरळ स्वभावाची. संध्याकाळी ती दुकानात गेली, तर तिथं दादाच बसलेले, पुढच्या बोर्डासाठी फोटो निवडत. ही म्हणाली, "पप्पा, दादांचा कशाला छापायलाईसा? कष्ट तर त्यांच्या आईनं काढल्यात. बाईंनी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. तक्रारीवर सही सानिकाच्या वडलांची होती. त्यांचाही काही इलाज नसावा, कारण दादा त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होते.

संस्थेच्या ऑफिसात सभा झाली. मलाही बोलावलं होतं, पार्टिशनपलीकडचा साक्षीदार म्हणून. चेअरमनसाहेब स्वभावानं वाईट नाहीत, त्यांना फक्त कटकट नको असते. ते म्हणाले, "बाई, अभिव्यक्ती स्वातंत्र्य पाठात हाय, आम्ही कुठं न्हाय म्हणतो? पाठ शिकवा की. तासात कशाला आणायचं ते?"

बाई म्हणाल्या, "साहेब, पाठ तासातच शिकवतात."

"अहो, पण मुलांच्या डोक्यात आपली मतं घालायची का शिक्षकांनी?"

"घालत न्हाय साहेब. वेगळी काढून दावतो. पुस्तकाचं वर, माझं खाली. आणि त्यांना भांडायला लावतो. माझं मत हाय हे लपवलं, तर त्ये त्यांना न कळता डोक्यात जाईल."

मला हे इतकं पटलं की मी मान हलवणार होतो, पण त्याच वेळी चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मानेची दिशा मधेच बदलली. ते म्हणाले, "माने सर, तुम्ही शेजारी असता. बाई काय बोलल्या?" मी म्हणालो, "पंख्याचा आवाज फार असतो साहेब." आमच्या वर्गातला पंखा दोन वर्षं बंद आहे.

निकाल असा लागला. बाईंनी दादांची वर्गासमोर माफी मागायची. नाहीतर संस्थेची हातकणंगल्याच्या पुढं, शहरापासून लांब एका गावात शाखा आहे, तिथं बदली. बाईंनी एक दिवस मागून घेतला. आम्हाला सगळ्यांना खात्री होती की बाई माफी मागणार नाहीत. मी तर निरोपसमारंभाच्या भाषणाची तयारीही सुरू केली होती. त्यात कुणाचाच राग येणार नाही असे चार परिच्छेद होते.

बाईंनी माफी मागितली.

दादा, चेअरमनसाहेब, हेडसर आणि सानिकाचे वडील आठवी 'अ'मध्ये रांगेनं उभे राहिले. मी दारात होतो. बाई प्लॅटफॉर्मवर चढल्या, अगदी मधोमध उभ्या राहिल्या आणि शुद्ध भाषेत म्हणाल्या, "माझ्या बोलण्याने आदरणीय दादांच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करते."

 मग मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या वर्गाच्या ओठांवर हसू यायला लागलं आणि ते दाबायला पोरांनी वह्या तोंडापुढं धरल्या. बाई वर होत्या! वरचं पुस्तकाचं असतं, बाईंचं नसतं, हे त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं, आणि पाहुण्यांतल्या एकालाही नव्हतं. दादा खूश झाले. "बाईंचं मन मोठं हाय," म्हणाले. त्यांनी सगळ्या मुलांना वह्या वाटल्या. प्रत्येक वहीवर दादांचा फोटो होता.

स्टाफरूममध्ये आनंदीआनंद झाला. काय डोकं बाईंचं! माफीही झाली आणि झालीही नाही! चित्रकलेच्या सरांनी भडंग मागवलं. मी ही गोष्ट घरी सांगितली, न्हाव्याकडं सांगितली, दूधवाल्यालाही सांगितली, आणि सांगता सांगता ती युक्ती हळूहळू माझीच होऊन गेली. "मीच म्हटलं बाईंना, वर चढून बोला," असं दूधवाल्याला सांगताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

बाई मात्र भडंग खायला थांबल्या नव्हत्या. मग त्यांच्या वाटचा पुडा पोचवायला आणि त्यांचं अभिनंदन करायला मी संध्याकाळी कसबा बावड्याला गेलो. उसाची शेतं संपून नवी घरं सुरू होतात तिथं त्यांचं घर आहे. दार उघडंच होतं. आतून बाईंचा आवाज येत होता.

"बातम्या लावू का कीर्तन? कीर्तन नको? बरं. मग बातम्या? सांगा की. मी थांबलोय."

खाटेवर त्यांचे मालक, म्हणजे यजमान, बसले होते. उशांना टेकवून बसवलेले. उजवा हात मांडीवर निपचित. बाई समोर स्टुलावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या डाव्या हाताचं बोट किंचित हललं.

"बातम्या," बाई म्हणाल्या आणि टीव्ही लावला. मग त्यांनी मला पाहिलं. "या की, माने सर. बसा. जेवलासा?"

मी भडंगाचा पुडा पुढं केला. 

पुडा ठेवून घेत बाईंनीच सांगितलं. मालक कारखान्यात कामाला होते. युनियनच्या सभेत बोलायला उभे राहिले की माईक बाजूला सारायचे. घरी आल्यावर दोघांचं भांडण ठरलेलं. राजकारण, क्रिकेट, पोरीचं लग्न, वांग्याच्या भाजीत गूळ घालायचा का नाही, कशावरही. मग पक्षाघाताचा झटका आला आणि बोलणं गेलं. पोरगी लग्न होऊन बेंगळुरूला. दुपारी त्यांना भरवायला दुसरं कुणी नाही, म्हणून मधल्या सुट्टीत बाई घरी येतात. बागेत बसून वाचण्याचा माझा सिद्धांत मी मुकाट्यानं गिळला.

"म्हणून माफी मागितलो," बाई म्हणाल्या. "हातकणंगल्याच्या पुढनं दुपारचं घरी कसं येणार मी?"

"पण बाई, काय युक्ती केलीत! पोरांना बरोबर कळलं. सगळी हसत होती."

"त्येच वाईट झालं की ओ."

मला समजलं नाही.

"पोरं मला हसली असती तर चाललं असतं. ती माझ्या बाजूनं हसली. त्यांना वाटलं बाईंनी फसवलं समद्यास्नी. मी युक्ती केलो न्हाय, माने सर. पाय थरथरत हुतं. खाली उतरून बोलायचं धाडस झालं न्हाय, म्हणून वर उभारलो. आणि पोरं काय शिकली? आपलं मत पोटात ठेवायचं आणि तोंडानं दुसरं बोलायचं. इतकी वर्षं मी त्यांना ह्याच्या उलटं शिकवत आलो."

बाई मालकांच्या तोंडाला आलेली लाळ पुसायला उठल्या. पुसता पुसता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "घरात मी एकटीच बोलतो. माझं चुकलं म्हणून सांगणारं कोण न्हाय. ती पोरं भांडतात न्हवं माझ्याशी, त्येवढंच मला ऱ्हायलंय. आता ती भांडायची न्हाईत. आता ती डोळा मारतील."

मी म्हणणार होतो, दोन्ही बाजूंनी विचार करायला पाहिजे. जीभ उचललीही होती. पण खाटेवरचे मालक माझ्याकडं बघत होते, आणि ज्याला एक शब्द काढायचा तर जमत नाही त्याच्यासमोर ते फुकटचं वाक्य वापरायची मला लाज वाटली. मी चहा घेतला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पार्टिशनपलीकडं बाईंचा तास सुरू झाला. मी नद्यांची खोरी काढली होती. हजेरी संपल्याबरोबर पायताणाचा आवाज आला. वरचं काही सांगितलंच नाही, थेट खाली.

"काल जे झालं ती युक्ती न्हवती," बाई म्हणाल्या. "मी घाबरलो हुतो. माझी बदली झाली असती. घरी माझे मालक आजारी हायीत. त्यांना भरवायला मला दुपारचं जावं लागतं. म्हणून मला जे चुकीचं वाटत न्हाय, त्याची मी माफी मागितलो. आणि तुम्ही हसलासा, तवा तुम्हाला खरं सांगितलं न्हाय. वाढदिवसाचं मी बोललो ते मला अजून बरोबरच वाटतंय. पर माफी मागितलो हे बरोबर केलो का चूक, ते मला कळंना झालंय. आता तुमचं काय?"

आणि त्या थांबल्या.

पलीकडं चिडीचूप.   मी खिडकीतून बाहेर बघितलं. व्हरांड्याच्या टोकाला हेडसर होते, हात मागं बांधून, सगळ्या वर्गांची दारं बघत आमच्याकडंच येत होते. अजून चार वर्ग ओलांडले असते, तर बाईंचं पुढचं सगळं त्यांच्या कानावर पडलं असतं आणि संध्याकाळपर्यंत बदलीचा कागद निघाला असता.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी व्हरांड्यात होतो. हेडसरांच्या समोर, वाट अडवून.

"सर, मला एक मत मांडायचं आहे," मी म्हणालो.

हेडसर दचकले. "तुम्हाला?"

"हो. टायबद्दल. टाय बंद करावा सर. उन्हाळ्यात पोरांच्या गळ्याला पुरळ येतं." ते काही बोलायच्या आत मी घंटेवर आलो. घंटा दोन मिनिटं पुढं आहे. मग कंपाउंडचा रंग, तो गुलाबी नको होता. मग माझ्या वर्गातला पंखा. इतक्या वर्षांची सगळी मतं एकदमच बाहेर पडायला लागली, आणि मला ती इतकी आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी तर मी म्हणालो, "आणि सर, राग मानू नका, पण झेंडावंदनाचं तुमचं भाषण फार लांबतं. पोरं चक्कर येऊन पडतात."  हेडसरांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "माने, तुम्ही आज हाफ डे घ्या," असं म्हणाले आणि काळजीनं मागं वळून बघत ऑफिसकडं निघून गेले.

मी आठवी 'अ'च्या दारापाशी तसाच उभा राहिलो. आत अजून कुणी बोललं नव्हतं. बाई पहिल्या बाकाला टेकून उभ्या होत्या.  फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मग सानिका पोवार उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. घरात काय काय झालं असेल, ते तिचं तिला माहीत.

"बाई, तुम्ही चुकलासा," ती म्हणाली.

 बाईंनी मान वर केली.

"माफी मागायची नव्हती. तुम्ही बरोबर हुतासा, मग मागायची नव्हती." तिचा आवाज चिरकला, पण ती बसली नाही. "चुकलासा म्हंजे चुकलासा. आणि आम्हाला सांगायचं तरी हुतं की ओ, घरी काका आजारी हायीत म्हणून. आम्ही हसलो नसतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "न्हाय, बाई बरोबर हायीत. मी असतो तर मी बी मागितलो असतो." त्याला तिसऱ्यानं अडवलं. चौथी उभी राहिली. बघता बघता सगळा वर्ग उभा राहून एकमेकांवर आणि बाईंवर ओरडायला लागला. चूक, बरोबर, चूक, कोण काय म्हणतंय काही कळेना.

बाई त्या गोंधळात उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्या या पोरावरून त्या पोरावर मान वळवत होत्या, एकही शब्द निसटू नये म्हणून. मला दारात बघून त्यांनी हातानं खुणावलं, दार लावून घ्या, आवाज बाहेर जातोय.

मी दार लावलं, आतून.